मी आलोय

आईचा फोन आला की मी स्पीकर लावायचे आणि पुण्याच्या आमच्या घरात सगळे हातातलं काम थांबवून ऐकायचे. "मी आत्ताच देवळातनं आलो. भाकऱ्या टाकल्या आन् जरा बसलो," असं ती सांगायची. माझी मुलगी चार-पाच वर्षांची असताना तिने एकदा अगदी काळजीने विचारलं होतं, "आजीला कुणी सांगितलं नाही का, ती बाई आहे ते?"

मी तिला सांगितलं, कोल्हापूरला तसंच बोलतात. आणि विषय संपवला. तो संपवायला नको होता, हे मला फार उशिरा कळलं.

कोल्हापुरात मुली 'मी जातो' म्हणतात. 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी दमलो'. बाकी सगळं इतर मराठीसारखंच आहे. 'ती गेली', 'तू कधी आलीस?', 'पोरगी शहाणी आहे' यात कुठे फरक नाही. फक्त स्वतःबद्दल बोलताना, 'मी'च्या पुढे, आमच्याकडे बाईचं निराळं क्रियापद नाही. मंगळवार पेठेत वाढताना यात सांगण्यासारखं काही आहे, हेच मला माहीत नव्हतं. शाळेच्या पुस्तकात 'मी जाते' असायचं. आम्ही ते वाचायचो, पेपरात तसंच लिहायचो, आणि दप्तर टाकून "आई, मी आलो!" म्हणून ओरडायचो. एक कागदाची भाषा, एक तोंडाची. दोघींचं भांडण आहे असं कधी वाटलं नाही.

कोणी म्हणतं, हा शेजारच्या कन्नडचा परिणाम असावा. कन्नडमध्ये 'मी'च्या क्रियापदाला लिंग नाही. बाई म्हणो की बुवा, 'ना होगतीनी'. निपाणीच्या बाजूने आमच्या आत्या यायच्या, त्या एका वाक्यात दोन्ही भाषा कालवायच्या. कारण काय ते व्याकरणवाले सांगतील. मला एवढं ठाऊक आहे की माझ्या कानावर पडलेल्या पहिल्या सगळ्या बायका, आई, काकी, आत्या, मावशी, शेजारची मिरच्या कांडणारी आजी, सगळ्या 'मी येतो' म्हणत आल्या आणि 'मी येतो' म्हणत गेल्या.

माझं लग्न मे १९९४ मध्ये झालं आणि मी पुण्याला गेले. पहिल्याच आठवड्यात घरी पाहुणे होते. मी म्हणाले, "बसा, मी चहा घेऊन येतो." खोलीभर हशा पिकला. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता; एक आजोबा तर कौतुकाने म्हणाले, "वा, कोल्हापूरचा मर्द गडी!" रात्री सासूबाईंनी स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "लोक हसतात गं. 'येते' म्हणत जा." त्या माझ्या बाजूच्या होत्या. पुढे माझं एम. ए. त्यांनीच पूर्ण करून घेतलं, मुलगी झाल्यावर नोकरी सोडू दिली नाही. माझ्या कहाणीत खाष्ट सासू नाही. प्रेमानेच झालं जे झालं ते.

पण 'येते' जिभेवर चढेना. आणि 'येतो' म्हटलं तर लोक हसणार. मग मी आडवाटा शोधल्या.

मराठीत अशा वाटा खूप आहेत आणि त्या सगळ्या मला एखाद्या पळपुट्याला गल्ल्या माहीत असाव्यात तशा पाठ झाल्या. 'मी जेवलो' की 'मी जेवले' असा पेच आला की म्हणायचं, 'माझं जेवण झालं.' 'मी निघतो' की 'निघते'? तर 'निघायला हवं.' भविष्यकाळात प्रश्नच नाही: 'मी येईन', 'मी करीन'. नकारातही नाही: 'मी जात नाही.' 'आम्ही' म्हटलं की कोण बाई, कोण पुरुष, काही उरत नाही. आणि सगळ्यात सोयीची वाट 'मला'ची. मला वाटतं, मला चालेल, मला काही नाही.

वर्ष-दीड वर्षात 'येते', 'जाते' सरावाचं झालं. आडवाटा मात्र सुटल्या नाहीत, आणि इथेच माझं काहीतरी हरवलं. 'तू काय ठरवलंस?' असं नवऱ्याने विचारलं की माझं उत्तर असायचं, 'ठरायचंय अजून.' जणू ठरणं ही पावसासारखी आपोआप होणारी गोष्ट. हॉटेलात 'काहीही चालेल.' मी कोल्हापुरात सात वर्षं गाणं शिकले होते. ते का सोडलं असं कुणी विचारलं तर 'राहून गेलं.' मराठी बायकांच्या तोंडी हे दोन शब्द किती वेळा येतात ते कधी मोजून बघा. शिकायचं राहून गेलं. भेटायचं राहून गेलं. दवाखान्यात दाखवायचं राहून गेलं. सोडणारी कोणी नाही, अडवणारं कोणी नाही, निर्णय कुणाचाच नाही. वाक्याला कर्ताच नाही. मी वर्षानुवर्षं अशी वाक्यं बोलत जगले. लोक मला समजूतदार म्हणायचे.

नोकरी मुद्रितशोधनाची. एका प्रकाशकाकडे प्रुफं वाचायची. लाल पेन, समासात खुणा, ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार. मला ते काम आवडायचं आणि मी ते चांगलं करायचे. २००८ च्या सुमाराला एका बाईंच्या आठवणींचं हस्तलिखित आलं. बाई आमच्याच बाजूच्या, पंचगंगेकाठच्या एका गावातल्या. त्यांनी लिहिलं होतं, 'मी विहिरीवर गेलो, कळशी भरली आणि परत आलो.' पानोपानी तसंच. मी दोन दिवस बसून एकूण एक 'गेलो' खोडला आणि वर 'गेले' लिहिलं. 'आलो' खोडला, 'आले' लिहिलं. मला एकदाही, खरंच एकदाही, काही वाटलं नाही.

प्रुफं बघून बाईंचा फोन आला. चिडलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ताई, ते चुकलं न्हवतं. मी तशीच बोलतो." मी त्यांना प्रमाण भाषा, वाचकांची सोय, संस्थेचे नियम असं काय काय समजावलं. त्या ऐकून घेत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं. तुमी शिकलेल्या हाईसा." पुस्तक 'गेले-आले'सकट छापून आलं. त्या बाई आता नाहीत. मी त्यांना हे सांगितलंसुद्धा नाही की मीही मंगळवार पेठेतली आहे.

वडील २०२३ मध्ये गेले. जून २०२४ मध्ये आई न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भाऊ बंगळूरला नोकरीला. मी तीन महिन्यांसाठी म्हणून कोल्हापूरला आले.

तो जुलै महिना ज्यांनी महाराष्ट्रात काढला त्यांना आठवेल. लाडकी बहीण योजनेचे फॉर्म निघाले होते आणि एकवीस ते पासष्ट वयाची प्रत्येक बाई आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला अशी पिशवी घेऊन फिरत होती. आमच्या गल्लीतल्या तालमीत टेबलं मांडली होती. माझं अक्षर बरं आणि दुपारी आई झोपायची, म्हणून मी तिथे फॉर्म भरून द्यायला जाऊन बसू लागले. फॉर्मवर एक रकाना होता: लग्नापूर्वीचे नाव. बायका तिथे आल्या की क्षणभर थांबायच्या. एकीने नाव सांगितलं, मग मान खाली घालून "परत एकदा सांगतो" म्हणाली आणि परत सांगितलं, सावकाश, पहिल्या खेपेपेक्षा मोठ्याने. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हातारी म्हणाली, "ते नाव आता कोण घेतंय? घेणारी माणसंच गेली." मग तिनेही सांगितलं, बापाच्या नावासकट, गावासकट.

आणि सगळीकडून ते क्रियापद. "मी सकाळपास्नं थांबलोय." "मी पैला आलो, ह्या नंतर आल्या." "मी दोनदा येऊन गेलो, साईट बंद हाय म्हणत्यात." साठ-सत्तर बायका, पावसाने भिजलेले पदर, आणि तीस वर्षांत मी कधी एका जागी ऐकला नव्हता असा 'आलो'चा गजर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक बाई मध्येच घुसली आणि माझ्यावरच ओरडली की तुम्ही ओळखीच्यांचे आधी घेता. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी पण सकाळी नऊपास्नं इथंच बसलोय! पाणी पण प्यायलो नाही!"

ती बाई लगेच शांत झाली. "मग सांगायचं न्हाई व्हय," म्हणाली आणि तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. माझा हात थरथरत होता. रागाने नव्हे. मला माझा आवाज ऐकू आला होता, आणि तो हुबेहूब माझ्या काकीचा होता.

इथपर्यंत लिहिताना हातातून 'गेले', 'म्हणाले' असंच उमटत आलं. तीस वर्षांचं वळण आहे आणि लाल पेनाचं आहे. पुढचं मी बोलतो तसं लिहितो.

तीन महिन्यांसाठी आलो होतो, तो राहिलोच. नवरा महिन्यातून दोनदा येतो, मी एकदा जातो. पहिल्या दिवशी त्याने ऐकलं तेव्हा थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लग्नाआधी बघायला आलो होतो तेव्हा तू अशीच बोललीस. मला तेच आवडलं होतं." मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याने ओढूनताणून दिलंही नाही.

पुण्यातल्या एका मैत्रिणीचं म्हणणं निराळं आहे. ती म्हणते, "यात कसली आलीय मुक्ती? बायकांनी पुरुषांचं क्रियापद उसनं घेतलंय. स्वतःचं टाकून त्यांचं घेणं म्हणजे हारच." मी तिच्या बोलण्यावर खूप दिवस विचार केला, कारण ती उथळ बोलणारी बाई नाही. पण मी 'आलो' म्हणतो तेव्हा माझ्या कानात कुठलाच पुरुष नसतो. ते मला बायकांनीच शिकवलंय, चुलीपुढे, धुण्याच्या दगडावर, रंकाळ्याच्या कट्ट्यावर. 'मी एकटीच आलो' असं आम्ही म्हणतो. 'एकटीच' आणि 'आलो', दोन्ही एका दमात. त्यात उसनं काय आहे?

क्रियापदाला लिंगाचा पोशाख किती सहज चढतो-उतरतो, हे खरं तर याच गावाने पाहिलंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं ते घर. सकाळी सगळी पेठ तिकडे लोटली होती, मीही गेलो. काळ्या पडलेल्या भिंतींसमोर मोठमोठी माणसं ओंजळीत तोंड घालून रडत होती. मला तेव्हा केशवरावांची कारकीर्द आठवली. लहानपणी ते स्त्रीभूमिका करूनच गाजले. रंगमंचावर मुलगा 'मी जाते' म्हणायचा आणि त्याला ऐकायला येणाऱ्या या गावच्या बायका घरी 'मी जातो' म्हणत असणार. कुणालाही त्यात गैर वाटलं नव्हतं.

पण एक सांगायलाच हवं. क्रियापदाने पोट भरत नाही आणि घरही नावावर होत नाही. कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आहे. १७०० साली नवरा गेल्यावर पंचविशीतली ही बाई औरंगजेबाशी सात वर्षं लढली, तो मरेपर्यंत. आमच्याकडे प्रत्येक भाषणात मुलींना ताराराणीच्या लेकी म्हणतात. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले, तेव्हा त्यांची पत्नी इंदुमती जेमतेम बालवय ओलांडत होती. शाहू महाराजांनी त्या सुनेला कोपऱ्यात बसवलं नाही, सोनतळीला ठेवून शिकवलं. मुलींच्या शाळांची देखरेख त्यांनी रखमाबाई केळवकरांकडे सोपवली. या सगळ्याचा अभिमान मलाही आहे. आणि याच गावात, याच अभिमानाच्या सावलीत, दर आठवड्याला कितीतरी बहिणी भावांसाठी हक्कसोडपत्रावर सही करून येतात.

दिवाळीला भाऊ आला. माझा भाऊ चांगला आहे. बाबांच्या आजारपणात पैसे त्यानेच पाठवले, हिशोब कधी विचारला नाही. त्याच्या बॅगेत टाईप केलेले कागद होते. "फॉर्मॅलिटी आहे गं," तो म्हणाला. "घर बिल्डरला द्यायचं तर नावं कमी असली की बरं पडतं. आणि तू तिकडं सुखात हैस."

घर आजोबांच्या वेळचं आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझं लग्न त्याच्या महिनाभर आधीचं. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्न झालेली, न झालेली हा भेदच गेला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो. हे सगळं मला माहीत होतं. एका कायद्याच्या पुस्तकाची प्रुफं मीच वाचली होती. स्वल्पविराम तपासले होते. हे आपल्याबद्दल आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

कागद हातात घेऊन मी बसलो. 'बघू या' ओठांवर आलं होतं. 'होऊन जाईल' आलं होतं. सगळ्या जुन्या गल्ल्या डोळ्यांपुढे उघड्या होत्या.

तेवढ्यात आई बोलली. वॉकरवर हात ठेवून ती दारात उभी होती, कधीपासून कोण जाणे. ती कागलची, महाराजांच्या गावची, आणि ते ती सांगते तेव्हा मान ताठ करून सांगते. पण त्या दिवशी मान खाली होती. "माझे वडील गेले तवा मला पण बोलावलं हुतं," ती म्हणाली. "कागलला गेलो, सही करून आलो, साडी घेऊन आलो. येताना एस्टीत रडलो. तुमच्या बाबांस्नी पण सांगितलं न्हाई."

मला त्रेपन्न वर्षांत हे माहीत नव्हतं. ती साडी कुठली, ते मी विचारलं. हिरवी, जरीकाठाची, म्हणाली. माझ्या लग्नात तीच नेसली होती.

भाऊ म्हणाला, "आई, तो जमाना वेगळा होता." आई काही बोलली नाही.

मी म्हणालो, "मी सही करत नाही." आवाज चढवला नाही. पुढे कारणही जोडलं नाही. ते जोडायचा मोह फार मोठा होता. मग म्हणालो, "घर विकायचं तर तिघांनी बसून ठरवू. मी माझा वाटा सोडत नाही."

फार नाटक झालं नाही. तो जेवला, पण गप्प जेवला. भाऊबीजेला आला, ताटात पाकीट ठेवलं, माझ्याकडे बघितलं नाही. पुढचे तीन महिने फोन आईच्या मोबाईलवर. मला फार जड गेले ते महिने. माहेर तुटतं की काय या भीतीनेच बायका सही करतात, आणि ती भीती खोटी नाही, हे मी त्या तीन महिन्यांत भोगलं. रात्री वाटायचं, करून टाकावी सही. लहानपणी त्याला कडेवर घेऊन मी खासबागेत कुस्त्या बघायला जायचो. एवढं काय आहे त्या दोन खोल्यांत?

मग गाण्याचा क्लास लावला. सात वर्षं शिकून तीस वर्षं गप्प राहिलेला गळा आहे, आवाज खरखरतो, तान मध्येच सुटते. बाईंनी विचारलं, मध्ये का थांबलात? 'राहून गेलं' म्हणणार होतो. म्हणालो, "मी सोडलं. घाबरलो होतो." बाईंनी मान हलवली आणि तानपुरा जुळवायला घेतला.

फेब्रुवारीत भावाचा फोन आला, माझ्या मोबाईलवर. इकडचं-तिकडचं बोलला. शेवटी म्हणाला, "वारस नोंद करून घ्या तिघांची. माझे कागद कुरिअर करतो." राग गेलाय असं मी म्हणणार नाही. फोन केला, एवढं खरं.

मार्चमधल्या एका सोमवारी आई आणि मी सिटी सर्व्हेच्या ऑफिसला गेलो. आईच्या हातात आता वॉकरच्या जागी काठी आहे. तिने लुगड्यासारखी घट्ट नेसलेली सुती साडी, डोक्यावर पदर, कपाळावर छोटी टिकली. बाबा गेल्यावर काढली होती. ती परत कधी लावली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रिक्षावाल्याला थांबायला सांगून आम्ही आत बाकावर बसलो. पंखा गरगरत होता. खिडकीतला मुलगा एकेक अर्ज उचलून घर नंबर पुकारत होता, आणि पुकारून झालं की विचारायचा, "कोण आलंय?"

आमचा नंबर आला. मी उठायला लागलो तर आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं. काठी टेकत ती खिडकीपर्यंत गेली.

"मी आलोय," ती म्हणाली. "आणि ही माझी लेक. तिचं पण नाव लिवा."

मुलाने पेन उघडलं आणि आधी आईचं नाव विचारलं.